तुला दोन, मला चार

विशू,

तुझ्या फोटोला हार घालताना माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. फोटो किती छान आलाय, हे आलं. तू शिकवायचीस त्या शाळेच्या गॅदरिंगमधला, हिरव्या साडीतला, मान जराशी वळवून कुणाकडे तरी बघत हसतानाचा. तुझ्या नितीननं तो मोबाईलमधून काढून वणीहून मोठा करून आणला. जलदान विधीला आलेल्या बायका त्या फोटोपुढे थांबत होत्या आणि एकमेकींना म्हणत होत्या, पाहा बरं, कुठून आजारी वाटते का ही पोरगी? मी शेजारीच उभी होते. माझ्याबद्दल असं कुणी कधी म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलं की माणसाला विचारावं लागत नाही.

तू जाऊन अजून महिना व्हायचा आहे आणि मी तुझ्या फोटोचा हेवा करते आहे. कुणी ऐकलं तर म्हणेल, ही कसली बहीण. तू तसं म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, ताई, तुले दुसरं काही काम नाई का वो?

नव्हतंच. लहानपणापासून माझं ते एकच काम नेमानं चाललं.

मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण हे लोकांना सांगावं लागायचं. राजूरच्या आपल्या क्वार्टरमध्ये कुणी पाहुणा आला की आपल्या दोघींकडे आळीपाळीनं पाहून बाबांना विचारायचा, मोठी कोणती? बाबा माझ्याकडे बोट दाखवायचे. पाहुणा ‘अच्छा’ म्हणायचा आणि खाणीचं, ड्युटीचं काहीतरी बोलायला लागायचा. तू माझ्या डोक्यावरून बघायचीस. जगात सगळीकडे मोठीचे कपडे लहानीला जातात, आपल्या घरात तुझे मला आले. तुला आखूड झालेला निळा फ्रॉक आई माझ्या अंगावर घालून पाहायची आणि म्हणायची, बसला बाप्पा बरोबर. ती आनंदानं म्हणायची, काटकसर झाली म्हणून. मी तो फ्रॉक शाळेत घालून गेले की तुझ्या वर्गातल्या पोरी ओळखायच्या. मला पाळीसुद्धा तुझ्यानंतर आली, तीही बरीच नंतर. आईनं मला बाजूला घेऊन सांगण्याऐवजी तूच मला सगळं समजावून सांगितलंस, मोठ्या बहिणीसारखं. ते मला अजून खुपतं.

आजार तर दोघींचा एकच होता. शाळेत शिबिर झालं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, नंतर पुन्हा दंडातून घेतलं, आणि कळलं की दोघींनाही सिकलसेल. आई-बाबा वाहक. त्यांना स्वतःला काही त्रास नाही, पण त्यांच्याकडून आपल्याला दोन्ही बाजूंनी आला. तिथल्या सिस्टरनं फळ्यावर खडूनं आधी एक गोल काढला, मग त्याच्या शेजारी विळा. म्हणाली, तांबड्या पेशी अशा गोल पाहिजेत, यांच्या अशा विळ्यासारख्या होतात, लवकर मरतात, आणि बारीक नसांमध्ये अडकल्या की दुखतं. आपल्या वस्तीत हे ऐकून कुणी दचकलं नाही. दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी होतंच.

पण फळ्यावरचा विळा एकच असला तरी तो माझ्यात वेगळा आणि तुझ्यात वेगळा चालायचा. माझे डोळे कायम पिवळे. पोट पुढे, हातपाय काड्या. दर काही महिन्यांनी रक्त चढवायला चंद्रपूर नाहीतर यवतमाळ. शाळेत माझं नाव ‘हळद’ पडलं होतं. तुझे डोळे पांढरेशुभ्र, केस दाट, आणि तुला रक्ताची पिशवी कधी लागलीच नाही. डॉक्टर तुझा रिपोर्ट पाहायचे आणि म्हणायचे, हिचं छान आहे. मग माझा पाहायचे आणि चष्मा काढायचे.

जयंतीच्या मिरवणुकीत तू लेझीम खेळायचीस. पहिल्या रांगेत, मधोमध. मला आई विहारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून द्यायची. शेजारी पाण्याचा माठ आणि ग्लास. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देण्याचं काम माझ्याकडे, म्हणजे मी नुसतीच बसलेली वाटू नये. एका वर्षी तुमची रांग माझ्या खुर्चीपुढे आली आणि तू हात वर करून सगळ्यांना थांबवलंस. ढोलवालाही थांबला. मग तुम्ही तिथल्या तिथे, माझ्याकडे तोंड करून, पुन्हा पहिल्यापासून सगळा डाव खेळून दाखवलात. लोक टाळ्या वाजवत होते. आई पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, पाहा, हिला माझ्यापुढे नाचून दाखवायचंय. आता नितीन म्हणतो, ती तुमच्यासाठीच थांबली होती, तिनंच मला सांगितलं होतं. असेल. थोडं तेही असेल. पण विशू, थोडं दाखवायचंही होतं, हे तू आणि मी दोघीच जाणतो.

तुला दुखायचं तेव्हा मात्र कुणाला दिसायचं नाही. मला दुखलं की मी ओरडायचे आणि घर गोळा व्हायचं. तू मागच्या अंगणात, कोळशाच्या पोत्यांपाशी जाऊन बसायचीस आणि ओढणीचं टोक दातात धरायचीस. मांड्या, कंबर, पाठ. दवाखान्यात नेलं की ड्युटीवरचा डॉक्टर तुझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहायचा, रिपोर्ट पाहायचा आणि म्हणायचा, रक्त तर चांगलं आहे, एवढं कसं दुखतं? एकानं तर तुझ्यासमोर आईला सांगितलं की पोरीला इंजेक्शनची सवय लागलेली दिसते. तू तेव्हा कॉलेजात होतीस. घरी आलीस, वेणी घातलीस आणि शिकवणीला निघून गेलीस. त्या दिवशीसुद्धा मला वाटलं, हिला चालता तरी येतं.

माझ्या घोट्याजवळची जखम तुला आठवत असेल. आठवत असेल काय, तूच तिला बांधायचीस. काही केल्या ती भरत नव्हती. भरल्यासारखी व्हायची आणि पुन्हा उघडायची, उन्हाळ्यातसुद्धा मी मोजे घालायचे. शेवटी वणीच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. बाबांना सुटी मिळाली नाही म्हणून माझी पिशवी धरायला तू आलीस. तिथल्या डॉक्टर मॅडम अमरावतीकडच्या. त्यांनी मला तपासलं, मग बाजूला बसलेल्या तुझ्याकडे पाहिलं. ही कोण? बहीण. हिलाही आहे? हो, तितकाच आहे. त्यांनी तुझे जुने रिपोर्ट मागितले, दोघींचे शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, मला दोघींचं रक्त हवं, एक वेगळी तपासणी करायची आहे.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी समोर बसवून सांगितलं. मी ते शब्द आजवर कितीदा तरी मनात फिरवले आहेत. त्या म्हणाल्या, दोघींचा सिकलसेल एकच आहे, फरक दुसऱ्या ठिकाणी आहे. हिमोग्लोबिन दोन तऱ्हेच्या साखळ्यांचं बनतं. बिघाड आहे तो बीटा साखळीत. दुसरी अल्फा. ती बनवणाऱ्या जनुकाच्या माणसाकडे साधारण चार प्रती असतात, दोन आईकडून आलेल्या, दोन वडिलांकडून. पण सगळ्यांकडे चारच असतात असं नाही. आपल्या भागात पुष्कळ लोकांमध्ये एखादी गळालेली असते आणि त्यांना कधी कळतही नाही, कारण तेवढ्यानं काही बिघडत नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वंदना, तुझ्याकडे चारही आहेत. हिच्याकडे दोनच. आईकडची एक कमी, वडिलांकडची एक कमी.”

मी विचारलं, म्हणजे हिच्यात कमी आहे?

“हो. आणि सिकलसेल असलेल्याला ही कमी कामाला येते.”

अल्फा कमी असली की एकेका पेशीत हिमोग्लोबिन कमी भरलं जातं, त्यांनी सांगितलं. गर्दी कमी, म्हणून पेशी विळ्यासारखी वाकायलाही वेळ लागतो. ती जास्त दिवस टिकते. रक्त कमी होत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, पायाला अशा जखमा सहसा होत नाहीत. एवढं ऐकलं आणि माझे कान बंद झाले. मॅडम पुढेही बोलत होत्या. हाडांचं दुखणं यानं कमी होत नाही, उलट रक्त दाट राहतं म्हणून वाढूही शकतं, खुब्याकडे लक्ष ठेव, वंदनाला लिहून दिलेली गोळी तूही घ्यायला पाहिजेस, असं त्या तुला सांगत होत्या. ते मला नंतर तुझ्याकडून कळलं. त्या खोलीत मी अर्धं ऐकलं आणि तू उरलेलं अर्धं.

परत येताना बस वरोऱ्याला थांबली. तू खाली उतरून समोसे आणलेस. मी घेतला नाही. मी म्हटलं, आईबाबानं तुले दिलं त्यातही निवडून निवडून दिलं.

तू समोशाचा कागद चुरगाळलास. “दिलं नाई वो ताई, काढून घेतलं. मले कमी भेटलं अन् तू त्याच्यावरही जळून राह्यली.”

बस पुन्हा वणीकडे निघाली. तू खिडकीशी बसली होतीस, खिडकीची जागाही तुझीच. बाहेर कोळशाचे ट्रक रांगेनं उभे होते. मी मनात हिशेब लावत होते. आईकडे अशी एक गळालेली होती आणि बाबांकडेही एक. म्हणजे ती गळालेली बाजू मलाही येऊ शकत होती. एखादी तरी. मला दोन्हीकडून भरलेली बाजू आली. आयुष्यात एकदाच मला सगळंच्या सगळं मिळालं, आणि तेच नको होतं.

घरी आल्यावर मी आई-बाबांना हे रागारागानं सांगितलं, जणू त्यांनी वाटणीत घोळ केला. आई काही समजली, काही नाही. बाबा पायातले बूट काढत होते. एक बूट काढून त्यांनी हातातच धरला. मग म्हणाले, “आमच्या हातात असतं बेटा, तर दोघीईले सारखंच दिलं असतं.” त्यावर तू हसून म्हणालीस, बाबा, दोघीईले दोन-दोन द्यायचे ना मग. आणि सगळे हसले. तुला असं काहीतरी सुचायचं. माझ्यामुळे तोंडं पडलेली असायची आणि तू एका वाक्यात घर उजळून टाकायचीस. त्याचाही हेवा, लिहून ठेव.

नितीन आला तेव्हा तू सरळ सांगितलंस, आधी रक्त तपास, मग बोल. खाणीच्या वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन, हसतमुख, तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला लाइट लावायला आला आणि लाइट उतरवायचे विसरला. त्याची तपासणी स्वच्छ निघाली, तो वाहकही नव्हता. विहारात तुझं लग्न लागलं. मी पांढरी साडी नेसून पाहुण्यांना फुलं वाटत होते आणि येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे पाहून, हिचं कधी, असं विचारायचं टाळत होती. माझ्यासाठी आलेली स्थळं पिवळ्या डोळ्यांपाशी थांबून चहा पिऊन गेली होती. एकानं तर जाताना मागे वळून तुझ्याबद्दल विचारलं होतं. आपण दोघी त्यावर खूप हसलो होतो, तू जास्त.

मग सांची झाली. डॉक्टर नको म्हणत होते, तू हो म्हणत होतीस. नऊ महिने तू दुखणं घेऊन वावरलीस. मी मात्र त्याच काळात नेमानं गोळ्या घेत होते, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिड, जेवणासारख्या. माझी जखम भरली. रक्त चढवण्याची वेळ लांबत लांबत गेली. कॉलेजच्या लायब्ररीत काम मिळालं, बसून करायचं. तू गोळी आधीही मनावर घेतली नव्हतीस. माहं रक्त चांगलं आहे, असं म्हणायचीस, लहानपणापासून तेच ऐकलं होतंस. मग बाळासाठी थांबवलीस, मग बाळ अंगावर पीत होतं म्हणून, मग राहूनच गेली.

आणि तुझा खुबा गेला. आधी डावा. मांडीचं हाड जिथे बसतं तिथलं टोक रक्ताविना सुकलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मॅडमनी तेव्हा सांगितलेलं ते हेच. तू लंगडायला लागलीस. शाळेत खुर्चीवर बसून नाच शिकवायचीस, कमरेवरचा. पोरी उभ्या, तू बसलेली, आणि तुझे हात असे फिरायचे की पाय पाहायची गरज पडू नये. मी एकदा दाराशी उभी राहून पाहिलं. माझं हिमोग्लोबिन तोवर तुझ्या जवळपास आलं होतं, मी जिना न थांबता चढत होते, आणि तरी त्या दाराशी मला वाटलं की ही खुर्चीवर बसूनसुद्धा नाचते.

आपलं शेवटचं भांडण त्या खुर्चीवरूनच झालं. दिवाळीच्या सुट्यांत तू माहेरी आली होतीस. अंगणात आईनं सतरंजी टाकली होती, शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. मी बाहेर आले तशी काकूंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. ये बाई, बस, खाली नको बसू. तू भिंतीला धरून उभी होतीस. त्यांना तुझं दिसलंच नाही. मी बसले. काकू गेल्यावर तू बोललीस, आवाज न चढवता.

“तुहे डोळे पिवळे दिसतात म्हणून तुले खुर्ची भेटते ताई. मले मांगा लागते. अन् मांगितली का लोक पायतात, इले काय झालं म्हणून.”

मी म्हटलं, खुर्ची पाहिजे? घे. लग्न मले दे, पोरगी मले दे, अन् खुर्ची घे.

तू म्हणालीस, तुले अजूनही वाटते का मी सुटली? उत्तराची वाट न पाहता तू आत गेलीस आणि सांचीचे कपडे भरायला लागलीस. नितीन मोटारसायकल घेऊन आला. जाताना तू हात हलवलास, पण तो आईला. त्यानंतर फोनवर आपण सांचीचं, आईच्या गुडघ्यांचं, माझ्या लायब्ररीतल्या गळक्या छताचं बोललो. त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं.

थंडीत तुला ताप आला. छातीत दुखतं म्हणालीस. जवळच्या दवाखान्यात नेहमीसारखंच रक्त चांगलं निघालं. दुसऱ्या दिवशी श्वास लागला तेव्हा नितीननं चंद्रपूरला नेलं आणि तिथून नागपूरला. मी अॅम्ब्युलन्समध्ये तुझ्या पायांशी बसले होते. इतक्या वर्षांत झोपलेली मी असायचे आणि पायांशी तू. फुफ्फुसात विळे अडकले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हिचं रक्त काढून दुसरं भरावं लागेल. तुझ्या डोक्यावर रक्ताची पिशवी लटकलेली मी पहिल्यांदा पाहिली. ते दृश्य मला माझं वाटलं. कुणीतरी माझी जागा घेतली आहे असं वाटलं.

दुपारी तू मास्क जरा बाजूला केलास. तुझे ओठ सुकले होते. मी कापूस ओला करून लावत होते.

“ताई,” तू म्हणालीस, “आता दिसून राह्यलं ना सगळ्याईले?”

मी म्हटलं, “दिसून राह्यलं.”

तू मान हलवलीस आणि मास्क स्वतःच नीट बसवलास. पुढची सकाळ तू पाहिलीस, तिच्यानंतरची दुपार नाही.

तुला घरी आणलं तेव्हाचं सांगते, कारण ते तुला कुणी दुसरं सांगणार नाही. आई रडत नव्हती. ती ओट्यावर बसली होती आणि समोरून माणसं येत-जात होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात घेतला, उलटा केला, सलाइनच्या जुन्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ राहिलं असं सांगावं तसं, ती म्हणाली, “मी तुह्यासाठी मन घट्ट करून ठेवलं होतं वंदे. तिच्यासाठी नाई ठेवलं.”

ती वाईट बोलली नाही. खरं बोलली. शाळेतल्या त्या शिबिरानंतरच डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं, ही फार जगेल असं धरू नका. तिनं तेव्हापासून रोज थोडं थोडं स्वतःला तयार केलं. म्हणून माझ्या दुखण्यात तिचे हात कधी थरथरले नाहीत. पिशवी तयार, रिपोर्ट तयार, डबा तयार. मला वाटायचं, आई किती खंबीर. ती खंबीर नव्हती, ती आधीच रडून मोकळी झाली होती. आणि तुझ्यासाठी तिच्याकडे काहीच तयार नव्हतं. तुझ्यासाठी ती संपूर्ण मोडली. त्या ओट्यावर, तुझा देह अजून घरात असताना, मला तुझा इतका हेवा वाटला की मला उठून मागे जावं लागलं. पाळी माझी होती, विशू. सगळ्यांनी माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. तीही तू घेतलीस.

मागच्या अंगणात मी खूप रडले. त्यात हेवा किती आणि तू किती, मला वेगळं करता आलं नाही. आताही येत नाही. तू नसतीस तर मला कळलंच नसतं की मला काय काय हवं होतं. उंची, केस, लेझीम, खिडकी, नवरा, मूल. आजारी माणसाला लोक फक्त बरं व्हायचं शिकवतात. हवं असणं मी तुझ्याकडे बघून शिकले. आणि ‘हळद’ म्हणणाऱ्या त्या पोराच्या पाठीत तूच लेझीम घातली होतीस, हेही खरं. माझी जखम बांधताना तू नाक कधी मुरडलं नाहीस, हेही.

सांची सध्या आमच्याकडे असते, नितीन ड्युटीवरून येऊन रात्री घेऊन जातो. तिची तपासणी आधीच झाली होती, ती वाहक आहे, तिला त्रास होणार नाही. मी नागपूरच्या मॅडमना फोन करून तुझं सांगितलं. मग मी विचारलं, सांचीकडे किती असतील? त्या म्हणाल्या, विशाखाकडून जी बाजू आली तिच्यात एक कमी असणारच, दुसरं द्यायला तिच्याकडे नव्हतंच. वडिलांकडच्या दोन्ही असतील तर तीन. काळजीचं काही नाही. मी फोन ठेवला. सांची ओसरीवर बसून पेरूच्या फोडींना मीठ लावत होती. तुझ्यासारखी खाते, एक डोळा बारीक करून. आता ती मला ‘मोठी आई’ म्हणते. तू तिला मावशी म्हणायला शिकवलं होतंस. कुणी बदललं, माहीत नाही. मी दुरुस्त केलं नाही.

मागच्या आठवड्यात मला ताप भरला. विशेष काही नव्हतं, लायब्ररीत सगळ्यांनाच सर्दी झाली होती. मी आईला म्हटलं, दवाखान्यात जाऊन दाखवून येऊ. आणि आई, जिनं इतकी वर्षं माझी पिशवी डोळे मिटून भरली, तिला काहीच सापडेना. रिपोर्ट उशाशी असून ती कपाटात शोधत होती. मग ते अर्धवट टाकून ती तशीच अनवाणी रस्त्यावर धावली, ऑटो थांबवायला. वाटेत तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उमटली. मी म्हणत होते, आई, साधा ताप आहे. ती ऐकत नव्हती.

दवाखान्यातला डॉक्टर नवीन होता, तरुण. त्यानं छाती तपासली, घसा पाहिला, रिपोर्ट चाळला. म्हणाला, काही नाही, औषध देतो, पाणी भरपूर प्या. तो लिहायला लागला तशी आई खुर्चीतून उठली. माझ्या कितीतरी आजारपणांत, कितीतरी डॉक्टरांसमोर जे तिनं कधी विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

“साहेब, माही पोरगी वाचंल ना?”

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. मी आईला हाताला धरून खाली बसवलं. तिचं सगळं अंग कापत होतं, आणि ते माझ्यासाठी कापत होतं. तू तिथे असतीस, विशू, तर तुला माझा हेवा वाटला असता.